गारठलेली भूक

कूलरमध्ये नवं गवत बसवून त्यावर पहिलं पाणी सोडलं, की ओला, मातकट, किंचित गोडसर असा जो वास घरभर पसरतो, त्या वासानेच माझा चैत्र सुरू होतो. कोकीळ नंतर येते. बाहेर जुळे सोलापूरच्या रस्त्यांवर ऊन पांढरंफटक पडलेलं असतं, दुचाकीवरून जाणाऱ्यांनी तोंडं रुमालांत गुंडाळून घेतलेली असतात, फाटकाजवळच्या कडुलिंबाचा मोहोर अंगणात बारीक बारीक सांडत असतो, आणि आत, पडदे ओढलेल्या मधल्या खोलीत, वाळ्याच्या ओल्या गंधाला त्या मोहोराचा कडसर गंध येऊन मिळतो. त्या अर्धवट अंधारात चटईवर पाठ टेकून पडून राहण्यात जे सुख आहे, ते मला तरी दुसऱ्या कुठल्या ऋतूने दिलेलं नाही.

आमच्या गावात दुपारी कुणाच्याही घरी जा, पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी एक वाक्य पुढे येतं : ‘या, या, आत या, आत गार आहे.’ घर मोठं आहे की लहान, भिंतींना रंग कोणता, सोफा कधी घेतला, हे सगळं नंतरचं. गार आहे ना, मग घर चांगलं. आणि मोठेपणा सांगते असं समजू नका, पण आमच्या गल्लीत आमच्याइतकं गार घर दुसरं नाही. गच्चीवर दर उन्हाळ्यात चुन्याचा हात फिरतो, पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालतीचा वेल चढवलेला आहे, खिडक्यांना दुपारची ओली पोती लागतात, आणि चार-पाच दिवसांनी एकदा नळाला येणाऱ्या पाण्यातला पहिला वाटा कूलरचा असतो. ह्यांच्या मते मी झाडांच्या तोंडचं पाणी कूलरला पाजते. म्हणोत बापडे. दुपारी पहिले तेच त्याच्यासमोर जाऊन झोपतात.

माझ्या या गारव्याच्या वेडाचं मूळ फार मागे आहे. माझे वडील मागावर काम करायचे. चादरींच्या कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली, मागांच्या अखंड खडखडाटात आणि सुताच्या उडत्या तुसात दिवस काढून ते चारच्या सुमाराला घरी यायचे, तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असे आणि भुवयांवर पांढरी लव बसलेली असे. त्यांच्या येण्याआधी शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून ठेवणं हे माझं काम होतं. मी अवघी सात-आठ वर्षांची असेन. ते यायचे, त्या ओल्या फरशीवर उताणे पडायचे, डोळे मिटायचे, आणि त्यांच्या छातीतून एक लांब, समाधानाचा ‘हाऽऽ’ बाहेर पडायचा. तो उच्छ्वास ऐकण्यासाठी मी दाराशी उभी राहायची. कुणाला जपायचं म्हणजे त्याच्यासाठी जागा गार करून ठेवायची, हा धडा मी तेव्हा गिरवला आणि पुढे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना, संसार करताना, माणसं जोडताना तो कधी पुसावा असं मला वाटलं नाही.

तर यंदा पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील. एका गुरुवारी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर जिन्याच्या टोकाच्या खोलीतून चिमण्यांसारखी चिवचिव ऐकू आली. ही खोली म्हणजे नावाची खोली. जिना जिथे गच्चीला लागतो तिथे चार भिंती आणि वर स्लॅब, आत जुनी गादी, फुटक्या कुंड्या आणि वडिलांच्या वेळची एक जाड सोलापुरी चादर. त्या चादरीच्या घडीत तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, बोटाएवढ्या शेपट्या. एक तांबूस, एक काळंपांढरं आणि एक राखी, इतरांहून निम्मं. आमच्या भिंतीवरून रोज ये-जा करणारी, ताकाचं भांडं उघडं राहिलं तर चाटून जाणारी चिंगी नावाची अर्धी भटकी मांजर त्यांची आई होती, आणि ती स्वतःच अजून पोर दिसत होती. पहिलीच वेळ असावी तिची.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्या मांजरीचा राग आला. अगं बये, इतकं मोठं गाव सोडून तुला ही भट्टीच सापडली? भिंतीला हात लावला तर भिंत कोमट, वारा म्हणाल तर नाव नाही, आणि चादर ही अशी जाडजूड. तीन जिवांची इथे भाजी होईल, असं म्हणत मी पापड तसेच टाकले, पिल्लांना पदरात घेतलं आणि खाली आले. वेताची टोपली काढली, तिच्यात माझी जुनी मलमलची साडी मऊ घडी करून अंथरली, आणि ती टोपली मधल्या खोलीत, कूलरच्या थेट झोतात नव्हे हो, इतकी मी काही वेडी नाही, जरा बाजूला, पण गारवा लागेल अशी ठेवली. मग समोर बसून पाहिलं. पिल्लं एकमेकांवर चढून गोळा होऊन झोपली. मला वाटलं, बघा, कशी शांत झाली. मला वडिलांचा तो ‘हाऽऽ’ आठवला आणि मन भरून आलं.

चिंगी पाठोपाठ आलीच. टोपलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कूलरच्या घरघरीने अंग चोरलं, आणि राखी पिल्लाची मान तोंडात धरून तरातरा जिन्याकडे निघाली. मी धावले. पिल्लू काढून घेतलं, तिला बाहेर घातलं आणि दार लावून टाकलं. नवखी आई आहे, तिला काय कळतंय, हे मी ह्यांना समजावून सांगितलं. त्यानंतर मी रुग्णालयातल्यासारख्या भेटीच्या वेळा ठरवून दिल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा दार उघडायचं, मी तिथे उभी राहायची, तिने पिल्लांना पाजायचं आणि निघायचं. ती यायची, पण कूलरकडे कान लावून, अर्धी उठलेली बसायची, आणि दोन मिनिटांत दाराशी जाऊन ओरडायची. बाकी सारा दिवस बंद दाराबाहेर तिचं म्याव म्याव चाललेलं. ‘जाऊ दे ना तिला वर पिल्लं घेऊन,’ हे एकदा म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

शनिवारी सकाळी पिल्लांनी दूध सोडलं. चिंगी आडवी झाली, मी एकेकाला तिच्या पोटाशी लावलं, पण तोंड उघडायला कुणी तयार नाही. काळंपांढरं नुसतं मान इकडून तिकडे हलवत राहिलं, तांबूस तर तेही करेना, आणि राखी माझ्या तळहातावर ओल्या फडक्याच्या घडीसारखं पडून राहिलं. गाईचं दूध पाण्यात पातळ करून औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब घालून पाहिलं, तर ते ओठाच्या कडेने परत बाहेर. साखरेचं पाणी झालं, मधाचं बोट झालं. आमची भांडी घासणारी हौसाबाई असती तर निदान कुणाशी बोलता तरी आलं असतं, पण ती बुधवारीच गावच्या जत्रेला सांगोल्याकडे गेलेली. शेवटी ह्यांनी कुठून तरी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन मिळवला. डॉक्टर तरुण होते, आवाज गोड होता. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी सकाळी घेऊन या, तोवर जबरदस्तीने दूध घालू नका आणि पिल्लांना उबेत ठेवा, असं म्हणाले.

उबेत! सोलापुरात, चैत्रात, दुपारी बारा वाजता, उबेत! मी फोन ठेवला आणि मला खरंच हसू आलं. हा मुलगा नक्की साताऱ्या-महाबळेश्वराकडचा असणार, पुस्तकात वाचलेलं सांगतोय, असं मी ह्यांना म्हटलं. इथे माणसं उन्हाने चक्कर येऊन पडताहेत, चिमण्यांसाठी आपण परळात पाणी ठेवतो आणि म्हणे ऊब. मी काय केलं असेल? उलट कूलरचा वेग एकने वाढवला. भूक उन्हानेच मरते ना? आपली नाही का मरत? एप्रिल लागला की आपल्याला ताटाकडे बघवत नाही, आमटी-भाकरी समोरून सरकवून आपण ताकभातावर उतरतो, मग या चिमुकल्यांना काय होत असेल, असा माझा हिशेब होता आणि तो मला अगदी बिनचूक वाटत होता. चूक करताना माणसाला चूक कधी वाटते का? आपण शहाणेच असतो तेव्हा.

रविवारी सकाळी तांबूस पिल्लू टोपलीत गेलेलं होतं. रात्रीत कधीतरी. मी हात लावून पाहिलं. इतकी लहान वस्तू इतकी जड कशी लागते कुणास ठाऊक. मी रडले, हो, साठी उलटलेली बाई आहे मी, मांजराच्या पिल्लासाठी हुंदके देऊन रडले. ह्यांनी खुरपं घेतलं आणि फाटकाजवळच्या कण्हेरीखाली त्याला पुरून आले. चिंगी तेव्हा कुठे होती मला माहीत नाही. ती यायच्या आत सगळं उरकावं, तिने बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. उरलेली दोघं मलमलवर निपचित पडली होती, आणि सोमवार अजून चोवीस तास लांब होता.

त्याच सकाळी हौसाबाई आली. आमच्याकडे ती बारा वर्षं भांडी घासते, पण भांडी हा तिचा धंदा, जात मेंढपाळाची. माहेर-सासर दोन्हीकडे कळप. पाण्याअभावी मेंढरं विकावी लागली म्हणून ती मंडळी इथे आली, तरी दाराशी दोन शेळ्या बांधल्याशिवाय तिला आजही झोप लागत नाही. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कपाळावर जत्रेचा भंडारा तसाच, हातात माझ्यासाठी प्रसादाचं खोबरं. माझा चेहरा पाहून आणि ‘मांजरीची तीन पिल्लं, दूधच धरत नाहीत’ एवढं ऐकून ती थेट आत आली, टोपलीपाशी उकिडवी बसली, आणि तिने केलं काय, तर राखी पिल्लू उचललं आणि आपली करंगळी सरळ त्याच्या तोंडात घातली. क्षणभर डोळे मिटून बसली. मग म्हणाली, ‘बाई, तोंडात बोट घालून बगितलं का?’

मी नाही म्हटलं. असं कुणी बघतं हेच मला ठाऊक नव्हतं.

‘बगा की. भ्यायचं न्हाय, दात कुटं हायत त्येला.’

मी घातलं. आणि चटकन बोट मागे घेतलं. त्या इवल्याशा तोंडाच्या आत, जिथे ऊब असायलाच हवी, तिथे माठाच्या अंगासारखा ओलसर गारवा होता. तीन दिवस मी त्या पिल्लांना उचलत होते, कुरवाळत होते, पुसत होते, पण माझेच हात कूलरपुढे बसून गार पडलेले, त्यांना काय कळणार? हौसाबाई मला शिकवल्यासारखं सांगू लागली. पावसाळी रात्री रानात कोकरू जन्मलं आणि दूध धरेना, तर मेंढपाळ आधी त्याच्या तोंडात बोट घालतो. तोंड उबदार असेल तर दूध पाज, गार असेल तर थेंबही घालायचा नाही. ‘गार पोटात दूध दगूड व्हतंय, बाई. भूक मेली न्हाय ह्येची. गारठलीया नुसती. आदी ऊब, मग दूध.’

मग तिने खोलीभर नजर फिरवली. ओढलेले पडदे, ओली पोती, घरघरणारा कूलर, त्याच्या बाजूला मलमलची घडी अंथरलेली टोपली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. ‘ह्ये एवडं गार कुणाला पायजे हुतं? तुमाला का ह्येस्नी?’

तीस वर्षं मी वर्गात उत्तरं मागितली आहेत. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. दारात उभे असलेले हे हळूच म्हणाले, ‘डॉक्टरांनी सांगितलं होतं गं उबेत ठेवायला.’ उठून मी कूलर बंद केला. इतक्या दिवसांची ती घरघर थांबली आणि घरात असा सन्नाटा पसरला की बाहेरच्या कडुलिंबावरच्या साळुंक्यांचा कलकलाट एकदम आत आला.

हौसाबाईने काळंपांढरं पिल्लू पोलक्याच्या आत, पोटाशी सरकवलं, वरून पदर घट्ट खोचला आणि ती भांड्यांना बसली. मी बघतच राहिले. ‘काम करताना आंग तापतंय की,’ ती म्हणाली, ‘लेकराला तेच पायजे. त्ये धाकटं तुमी घ्या.’ म्हणजे मी? म्हणजे असं? पण नाही म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं. राखी पिल्लू मी तसंच पोटाशी घेतलं आणि बाहेर पडवीत, जिथे सकाळचं ऊन भिंतीला लागून भिंत नुकती तापू लागली होती, तिथे पाठ टेकून बसले. समोरच्या बंगल्यातल्या वहिनी भाजी घेऊन आल्या, माझ्या पुढे आलेल्या पोटाकडे आणि घामाने थबथबलेल्या कपाळाकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि विचारावं की नाही या विवंचनेत फाटकाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मांजराचं पिल्लू आहे. त्या ‘अगंबाई’ म्हणाल्या आणि वेगाने घरात गेल्या.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. आरंभी माझ्या कातडीला लागून एक गार, जवळजवळ निर्जीव ठिपका होता, आणि त्याच्या भोवती माझं घामेजलेलं, वयस्क, मऊ पडलेलं शरीर. ऊन पायांवर आलं, मांड्यांवर चढलं. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्याच्या बारीक झुळकीसरशी माझ्या केसांत, मांडीवर पडत राहिला. या गावात आयुष्य काढलं, पण उन्हात मुद्दाम होऊन बसण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, आणि बसल्यावर ध्यानात आलं की सकाळच्या उन्हाची एक वेगळीच जात असते. ते पोळत नाही, ते मुरतं, हाडांपर्यंत जातं, आणि माणसाला हळूहळू सैल करतं. दर पंधरा मिनिटांनी मी करंगळी त्या तोंडात घालून बघायची. गार. पुन्हा गार. मधेच एकदा वाटलं की श्वासच थांबला, आणि मी ओरडून हौसाबाईला हाक मारली. राखेचे हात तसेच घेऊन ती आली, कोपराने पदर बाजूला करून पाहिलं आणि म्हणाली, ‘हाय की जीव. लगीच कुटं पळतूय.’ आणि परत गेली.

देवाला मी फारसं काही मागत नाही, सवय नाही. पण त्या सकाळी मागितलं. त्यातही माझी लबाडी अशी की पिल्लासाठी मागताना मी स्वतःसाठीच मागत होते, माझ्या हातून दुसरंही जाऊ नये म्हणून. मग कधीतरी, ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं होतं तेव्हा, मी पुन्हा करंगळी घातली, आणि तोंड कोमट लागलं. त्या कोमट पोकळीत जिभेची एक पाकळी हलली, बोटाभोवती गुंडाळली गेली, आणि पिल्लाने ओढलं. इतक्या जोराने ओढलं की मला वाटलं, अख्ख्या घरात या क्षणी याच्याएवढी ताकद कुणात नाही. ‘हौसाबाई!’ मी हाक मारली. ती आतूनच म्हणाली, ‘वडतंय न्हवं? ह्ये बी वडतंय. मांजर आना आता.’

चिंगीला आणण्याचं काम ह्यांनी केलं. दूधभाताची वाटी हातात घेऊन, लुंगी सावरत, ‘ये गं, ये गं बाळा’ करत भिंतीशेजारून तिच्यामागे फिरणारे माझे पतिराज हे दृश्य मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. पडवीतल्या तापल्या फरशीवर हौसाबाईने वरून आणलेली ती जाड चादर घातली, आणि चिंगी अजिबात आढेवेढे न घेता तिच्यावर आडवी झाली. कूलर नाही, बंद दार नाही, पहारा नाही. दोन्ही पिल्लं तिच्या पोटाशी लागली. काळ्यापांढऱ्याने लगेच धरलं. राखीच्या ओठांना हौसाबाईने आधी आईचंच दूध दोन बोटांनी पिळून लावलं, मग तोंड नीट बसवून दिलं. आणि ते पुढच्या पायांनी आईचं पोट दाबत, मालीश करावी तसं दाबत, पिऊ लागलं. चुकचुक असा तो आवाज होता, अगदी बारीक. माझा जीव भांड्यात पडला.

हात धुताना हौसाबाईने विचारलं, ‘तीन म्हनला न्हवं? तिसरं कुटंय?’ मी सांगितलं. तिने विचारलं, ‘मांजरीनं बगितलं का त्येला?’ नाही म्हटल्यावर तिने जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. मेलेलं कोकरू म्हणे आधी मेंढीला हुंगायला देतात, दडवत नाहीत. ‘दाकवाया पायजे हुतं, बाई. हुंगलं की त्येस्नी कळतंय. न्हायतर हुडकत बसत्यात.’ एवढं बोलून तिने पिशवी उचलली. जाताना जिन्याच्या टोकाची ती खोली मात्र बघून आली. भिंतीला ऊब आहे, वारं नाही, जागा चांगली आहे, दुपारच्या वेळेला खिडकीची फळी तेवढी उघडी टाका, असा निर्वाळा तिने दिला. थोडक्यात, चिंगीला सगळं कळत होतं.

सोमवारी डॉक्टरांना फोन करून मी झालेलं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, ‘छान झालं’ म्हणाले. मला त्यांचं गाव विचारायचं होतं, धीर झाला नाही. बहुधा इथलेच असावेत.

पुढचे दोन दिवस पिल्लं पडवीतच होती आणि आमच्या घरात कूलर बंद होता, कारण आतली गार हवा पडवीत जाते अशी शंका मला उगीचच येत राहिली. हे बनियनवर बसून घाम पुसत होते आणि तरी एका शब्दाने बोलत नव्हते. उलट दर तासाला जाऊन पिल्लांच्या तोंडात करंगळी घालून यायचे आणि ‘गरम आहे’ असं जाहीर करायचे. राखीचं पोट आता तट्ट फुगलेलं असायचं. भुकेची चिवचिव ऐकली की मला इतका आनंद व्हायचा की जणू मला कुणी नावाने हाक मारली. खाणं नको म्हणणाऱ्या जिवापुढे मी दूध, साखर, मध असं एकेक मांडत बसले होते. त्याला खाणं नकोच होतं. भूक लागण्याआधी जे लागतं, ते मी खिडकीतून बाहेर घालवत होते.

मंगळवारी दुपारी चिंगीने काळ्यापांढऱ्याची मान तोंडात धरली आणि जिन्याच्या दाराशी येऊन माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं. तिने पिल्लू वर नेलं, खाली आली, राखीला उचललं आणि तेही वर नेलं. दार मी तसंच धरून उभी होते. आता झालं, असं म्हणून लोटून घेणार, तोच जिन्यावर पुन्हा तिची पावलं वाजली.

ती तिसऱ्यांदा खाली आली होती. चादरीच्या घड्या तिने नाकाने एकेक करून उलटल्या. पडवीचा कोपरा हुंगला. मग मधल्या खोलीत गेली, रिकाम्या टोपलीत पुढचे दोन पाय टाकून मलमलची घडी उकरली, आणि अगदी हळू, प्रश्न विचारावा तशी एकदा ओरडली. मांजरांना मोजता येत नाही असं म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक.

मी तिच्याजवळ खाली बसले. ‘माझं चुकलं गं,’ मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, स्वयंपाकघरात ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने माझ्याकडे पाहिलं, पुढे येऊन माझे हात हुंगले, आधी एक, मग दुसरा, नीट, वेळ घेऊन. त्या हातांना काय वास येत होता आणि त्यातून तिला काय कळलं, हे मला कधीच समजणार नाही. मग ती वळली आणि जिना चढू लागली. मीही तिच्यामागून निघाले. वरच्या पायरीवर दुपारची धग अंगावर आली. खोलीत चिंगी आडवी झाली होती आणि दोघं तिला बिलगून चुकचुक पीत होती. मी दाराशी, पायरीवरच बसले. घाम येत होता, आणि बरं वाटत होतं.